बेल कोणी मारली?

भिवंडीत मी खोली शोधत फिरत होतो तेव्हा घरमालक मला तीन गोष्टी विचारायचे. लग्न झालंय का, मासे-मटण चालतं का, आणि पाणी किती लागतं. शेलारमधल्या या घरमालकांनी एकच प्रश्न विचारला.

"वजन किती?"

"एकसष्ट."

त्यांनी मला पुढून पाहिलं, मग मागे जाऊन पाहिलं. "आधीचा पोरगा ब्याऐंशी व्हता. न्हाय जमला," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

खोली वरच्या मजल्यावर होती. मला वाटलं स्लॅब कच्चा असेल, म्हणून विचारत असतील. रात्री मी सामान चारही कोपऱ्यांत सारखं वाटून ठेवलं आणि मधोमध पाय न टाकता झोपलो. सकाळी सहाला दारावर दोन टकटक झाल्या. बाहेर मालक उभे होते. खाकी शर्ट, खाकी पँट, खांद्याला चामड्याची पिशवी.

"चला," ते म्हणाले. "ड्युटी."

दोन हजारनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. मी पस्तिशीला आलो होतो. पूर्णा गावात गोदामं उभारणाऱ्या एका कंपनीत मी सुपरवायझर होतो. बायको-मुलगी संगमनेरला, आणि मी जिथे काम निघेल तिथे. तोवर चार गावांत चार घरमालक केले होते. एक पहाटे शंख फुंकायचा, एक भाडेकरूच्या चपला मोजायचा. त्यामुळे घरमालक थोडा तिरपागडा असणार हे मी धरूनच चालायचो. पण घोडा कोणाकडे नव्हता.

या मालकांना गाव मास्तर म्हणायचं. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि ते भिवंडी-गणेशपुरी गाडीवर जन्मभर कंडक्टर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं दिसत नव्हतं. स्वतःच्या घरात ते मागच्या दाराने शिरायचे, कारण पुढचं दार डायव्हरचं. रिक्षात कधी पुढे बसले नाहीत. जेवताना वाटी ताटावर एकदा वाजवली की बास, दोनदा वाजवली की येऊ दे. काकू, म्हणजे त्यांची बायको, ही बेल अजिबात मानत नसे. तिला वाटेल तेवढं ती वाढायची आणि ते मुकाट्याने जेवायचे. गावात कोणाच्या मयताला गर्दी झाली की मागून त्यांचा आवाज यायचा, "पुढे सरका, आत भरपूर जागा आहे." लोक सरकायचे.

त्यांच्या भावकीची सगळी भातशेती गोदामांत गेली होती. त्या पैशांतून एका भावाने पांढरी जीप घेतली, दुसऱ्याने बंगला बांधून फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती बसवले. मास्तरांनी वरातीची घोडी घेतली. फटाक्यांना कंटाळून ती नवरदेव पाडायला लागली होती, म्हणून मालकाने काढून टाकलेली. मूळची पांढरी, आता जुन्या धोतराच्या रंगाची. मास्तर तिला गारी म्हणत. आगरी माणसाच्या तोंडी गाडीची गारी होते. तिच्या छातीवर सुतळीने एक लाकडी पाटी बांधलेली असे. एका बाजूला भिवंडी-गणेशपुरी, दुसऱ्या बाजूला गणेशपुरी-भिवंडी.

त्या पहिल्या सकाळी मास्तरांनी मला घराच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. पूर्वी तिथे त्यांचं भात उभं राहायचं, आता मुरूम टाकून ठेवला होता. घोडीजवळ रंगाचा एक रिकामा ड्रम पालथा घातलेला होता.

"चढा," मास्तर म्हणाले.

"मला घोड्यावर बसता येत नाही."

"मलाही येत नाही. चढा."

मी म्हटलं, मग शिकवणार कोण? ते म्हणाले की एकतीस वर्षं डायव्हरच्या मागे उभं राहून त्यांनी सगळं बघितलेलं आहे. मग मी विचारलं की घोडी तुमची आहे तर तुम्हीच का बसत नाही? ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की जणू मी त्यांना साडी नेसायला सांगितली होती.

"मी कंडक्टर हाय. कंडक्टर गारी चालवत न्हाय."

चोवीस तास पाणी असलेली दुसरी खोली भिवंडीत मिळत नव्हती. मी ड्रमवर चढलो.

शिकवण्याची त्यांची पद्धत सरळ होती. मी घोडीवर, ते मागे सायकलवर. सायकलची घंटी एकदा वाजली की घोडी थांबायची, दोनदा वाजली की चालायची. तीनदा म्हणजे गाडी फुल्ल, वाटेत कुठेही थांबायचं नाही, आणि तेव्हा ती जी सुटायची ती प्लॉट संपेपर्यंत. वर्षभर भिजवलेले हरभरे चारून त्यांनी तिला हे शिकवलं होतं. तिला सगळं येत होतं. यायचं होतं ते मला.

घोडीवर बसलो की मास्तरांची भाषा बदलायची. घरात मला "तू" आणि "रं", पण खोगिरावर बूड टेकलं की "चालक, तुम्ही ताठ बसा." "चालकाने मागे पाहू नये." "चालकाने देवाचं नाव मोठ्याने घेऊ नये, प्रवासी घाबरतात." प्रवासी कोणी नसायचेच. मी खाली उतरलो की लगेच, "काय रं, चाय पितंस का?"

पहिल्या आठवड्यात मी तीनदा पडलो. लागलं का, असं मास्तरांनी एकदाही विचारलं नाही. ते पिशवीतून वही काढायचे, मी जिथे पडलो तिथे चुन्याने खूण करायचे, ड्रमपासून पावलं मोजायचे आणि पंचनामा लिहायचे. पंच म्हणून काकूची आणि दूधवाल्याची सही लागायची. तोवर मला उठायची परवानगी नसे. तिसऱ्या वेळी काकू हात पुसत आली, सही केली आणि मला म्हणाली, "बाबा, पडाचाच हाय त जरा सकाली लवकर पर. भाकरी जलते माझी."

मांड्या इतक्या सोलवटल्या होत्या की पूर्ण्याच्या साइटवर मी आठवडाभर पाय फाकून चालत होतो. मजुरांना मी सांगितलं, गळू झालंय. घोडा शिकतोय असं सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या आठवड्यात मी एक गुन्हा केला. समोर कुत्रं आडवं आलं आणि मी घाबरून लगाम खेचला. घोडी थांबली. कुत्रं वाचलं, मीही वाचलो. मला जरा अभिमानच वाटला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बेल कोनी मारली?"

"कुत्रं होतं, मास्तर."

"मी विचारतो, बेल कोणी मारली?"

"कोणी नाही."

"मग गाडी थांबली कशी?"

त्यांनी वही काढली आणि वाचून दाखवत लिहिलं. शेरा : चालक बेलीशिवाय गाडी थांबवतो. त्या दिवसापासून लगाम नुसता धरायचा, वापरायचा नाही, असं ठरलं. लगाम म्हणजे हँडब्रेक, गाडी उभी असताना लावायचा. एवढ्या तेवढ्यावरून ते माझ्यावर ओरडायचे, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळा होता. सायकल हातात धरून ते चालत घरी गेले.

संध्याकाळी मी काकूला विचारलं. ती अंगणात सुकट निवडत होती.

"त्याच शब्दानं ते वांदं झालं," ती म्हणाली आणि मला सगळं सांगितलं.

मास्तरांचा डायव्हर भिवंडीतला कोकणी मुसलमान, टांगेवाल्याचा मुलगा. दोघं एकाच गाडीवर, एकाच डब्यातलं जेवून म्हातारे झाले. डायव्हर म्हणायचा, मास्तर, रिटायर झाल्यावर एक घोडी घेऊ, मी हाकतो, तू बेल मार. एकतीस वर्षांत त्याने बेलीशिवाय गाडी थांबवली नव्हती की हलवली नव्हती. मास्तरांचा तो सगळ्यांत मोठा अभिमान होता. मास्तरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या फेरीला, शेलारच्या थांब्यावरून त्यांनी डबल बेल मारली आणि पुढे तोंड करून तिकिटं फाडायला लागले. गाडी निघाली आणि दहा हातांवर थांबली. गाडीत माणसं खच्चून भरलेली. मास्तर सगळ्यांदेखत ओरडले, "बेल कोनी मारली? गारी कोनाच्या बापाची हाय?" डायव्हरला आरशात एक बाई गाडीमागे धावताना दिसली होती. ती चढली, मग त्याने गाडी हाकली. गणेशपुरीला उतरला तो मास्तरांशी न बोलता निघून गेला. मास्तरांना घालायला त्याने सीटखाली झेंडूचा हार आणून ठेवला होता. जाताना तो हार त्याने गाडीला घातला.

"आणि ती बाई कोण होती?" मी विचारलं.

"मी," काकू म्हणाली. "येनार न्हाय बोलली व्हती. मंग वाटला, शेवटची फेरी हाय, जाव. नवा लुगरा नेसाला येल लागला." तिने सुकटीतला एक खडा काढून फेकला. "माझा तिकीट पन फारलान यानी."

आठ वर्षं दोघं बोलले नव्हते. डायव्हर आता गणेशपुरीला लेकीकडे राहत होता आणि दिवाळीनंतर मुलाकडे चिपळूणला कायमचा जाणार होता. ही बातमी आली त्याच महिन्यात मास्तरांनी ब्याऐंशी किलोच्या भाडेकरूला काढून माझं वजन विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना म्हटलं, "गणेशपुरीला तासातासाला एसटी जाते. बसून जा आणि बोला की त्यांच्याशी."

"येडा हायस का? एसटीनं गेलू त मी पॅसेंजर. पॅसेंजरनं डायव्हरशी बोलाचा नसतं. लिवलेला असतं गारीत."

मला त्या माणसाची एकदम कीव आली, आणि थोडा रागही आला. चूक झाली, एवढं बोलण्यासाठी याला घोडी लागत होती, घोडीसाठी चालक लागत होता, आणि त्या चालकाच्या मांड्या सोलवटत होत्या. पण त्या दिवसापासून मी ड्युटीला स्वतःहून पावणेसहाला हजर राहू लागलो.

प्लॉटवर जमायला लागल्यावर मास्तरांनी रस्त्याची चाचणी घ्यायची ठरवली. वेळ निवडली संध्याकाळी आठची. त्याच वेळी पॉवरलूमची शिफ्ट सुटते, हे शेलारमध्ये जन्म काढलेल्या माणसाच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. कारखान्यांची फाटकं उघडली आणि दोन-अडीचशे सायकली रस्त्यावर आल्या. प्रत्येक सायकलला घंटी. ट्रिंग, घोडी थांबली. ट्रिंग ट्रिंग, चालली. ट्रिंग, थांबली. चार पावलांत मी सहा वेळा तिच्या मानेवर आपटलो. मास्तर मागून ओरडत होते, "अनधिकृत बेल! अनधिकृत बेल!" एका कामगाराच्या ध्यानात आलं की घंटी मारली की घोडी थांबते. मग ते सगळ्यांच्याच ध्यानात आलं. "चाचा, ब्रेक बढिया है इसका!" असं म्हणत प्रत्येक जण एकेकदा वाजवून बघू लागला. फर्लांगभर रस्त्याला आम्हाला पाऊण तास लागला.

मास्तरांनी त्या रात्री सायकलची घंटी काढून टाकली. सकाळी देव्हाऱ्यातली पितळी घंटा त्यांच्या हातात होती. काकू म्हणाली, "देवाला आता ताली वाजवते मी."

दिवाळीच्या आदल्या रविवारी आम्ही निघालो. पहाटे पाचला. वीसेक किलोमीटरचा रस्ता, मध्ये अंबाडी, मग वज्रेश्वरी, मग गणेशपुरी. मास्तरांनी नवी खाकी इस्त्री केली होती. पाटी धुतली होती. काकूला चला म्हटलं, तर ती म्हणाली, "मी आठच्या एसटीनं येते. तुमच्या गारीमागं एकदा धावली तेवरा पुरं."

प्रवास सुरळीत झाला हे मला आजही खरं वाटत नाही. भाताची कापणी चालू होती, बायका कंबर सरळ करून आमच्याकडे बघायच्या. प्रत्येक थांब्यावर मास्तर एक बेल मारत, आजूबाजूला बघत, कोणी चढणारं नाही याची खात्री करत आणि दोन बेल मारत. एका थांब्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "वाड्याला जाते का?" मास्तरांनी शांतपणे सांगितलं, "वाडा गाडी मागून येते." माझी पाठ ताठ होती. गुडघे घोडीच्या पोटाला धरून होते. साडेनऊच्या सुमारास मला पहिल्यांदा वाटलं की मी घोड्यावर बसलेला माणूस आहे, घोड्यावर ठेवलेला नाही.

दहाला वज्रेश्वरी आली.

देवळाच्या घंटेचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. रविवार होता. वर पायऱ्यांवर भक्तांची रांग, आणि चढणारा प्रत्येक जण घंटा मारत होता. एक, दोन, तीन, चार. घोडीने कान टवकारले. तिच्या लेखी गाडी फुल्ल झाली होती.

ती सुटली. हार-नारळाच्या दुकानांमधून, पेढेवाल्यांच्या मधून, कोणाच्या तरी टोपल्यांवरून. एका दुकानावर लटकलेला झेंडूचा हार तिने धावता धावता तोंडात घेतला. मागून मास्तर पितळी घंटा वाजवत होते, पण देवीच्या घंटेपुढे ती कोणाला ऐकू जाणार? पुढे उतारावर भाविकांचा एक घोळका चालला होता, आणि त्यात एका बाईच्या कडेवर मूल होतं. मला ती दिसली.

मी लगाम खेचला. दोन्ही हातांनी, मागे झुकून, आणि देवाचं नाव मोठ्याने घेऊन. "थांब गं बाई," असंही म्हणालो. घोडी चार पावलं घसरली आणि थांबली. बाई रस्ता ओलांडून गेली. तिने मागे पाहिलंसुद्धा नाही.

मास्तर धापा टाकत आले. सायकल आडवी पडली. त्यांनी तोंड उघडलं, "बेल को..." आणि पुढचं बोललेच नाहीत. ते त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिले, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. हारवाली मागून ओरडत आली आणि घोडीच्या तोंडात हार बघून म्हणाली, "जाऊ दे, देवीचाच हाय." आम्ही निघालो. पुढचे तीन किलोमीटर मास्तरांनी एकही बेल मारली नाही. घोडी माझ्याच टाचांवर चालली.

गणेशपुरीत डायव्हरचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. ओटीवर पट्ट्यापट्ट्यांची लुंगी घातलेला एक सडसडीत म्हातारा खुर्चीवर बसला होता. शेजारी काकू बशीत चहा पीत होती. तिची एसटी आमच्या आधी पोचली होती. तिने काही सांगितलं होतं की नाही, कोणास ठाऊक. तिच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे.

घर पंधरा पावलांवर आलं. दहा. मी बेलीची वाट बघितली. मागे वळायची मला परवानगी नव्हती, पण मी वळलो. मास्तरांच्या हातात घंटा होती आणि तिची जीभ त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

मी लगाम ओढला. घोडी ओटीसमोर थांबली.

डायव्हरने आधी पाटी वाचली. मग मला पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या खाकी कपड्यांकडे पाहत अगदी सावकाश विचारलं.

"बेल कोनी मारली?"

काकूची बशी हवेत थांबली. मास्तरांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा.

"कोनी न्हाय," ते म्हणाले. "डायव्हरला मानूस दिसला. त्यानी थांबवली." आणि मग, "बराबर केलान."

आठ वर्षं ते हे वाक्य घेऊन फिरत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि घोडीवर बसून डोळे पुसायला हात मोकळा नसतो हे मला तेव्हा कळलं.

डायव्हर उठला. मास्तरांकडे न जाता तो घोडीकडे आला. तिचा एकेक खूर उचलून बघितला, ओठ वर करून दात बघितले, पोटाखालचा पट्टा एक भोक आवळला. "मास्तर, पट्टा ढिला हाय. हा पोरगा जिता कसा राहिला?" मग त्याने लगामात अडकलेला हार ओढून काढला. अर्धा घोडीने खाल्ला होता. उरलेला त्याने झटकला, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि मास्तरांच्या गळ्यात घातला.

"तवाचा राहिलेला," तो म्हणाला.

मास्तर हालले नाहीत. हारातून घोडीची लाळ त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर गळत होती.

"उतर, बाबा," डायव्हर मला म्हणाला. मी उतरलो. त्याने ड्रम मागितला नाही. उंबरा चढावा तसा तो लुंगी खोचून घोडीवर चढला, समोर रस्त्याकडे तोंड केलं आणि बसून राहिला. लगाम हातात, टाचा तयार, पण घोडीला त्याने हलू दिलं नाही. गल्लीतली माणसं जमा झाली. एक मिनिट गेलं असेल.

मग मागे न बघता तो म्हणाला, "मास्तर, गारी लेट हाय."

मास्तर पुढे झाले, पाटी उलटी करून गणेशपुरी-भिवंडी केली, मागे येऊन सायकलवर बसले आणि दोन बेल मारल्या.

मी आणि काकू एसटीने परत आलो. जागा नव्हती, मी शेलारपर्यंत उभा होतो आणि त्या मांड्यांना तेच बरं वाटत होतं.

दिवाळीनंतर डायव्हर चिपळूणला गेला तो घोडी टेम्पोत घालून घेऊन गेला. पाटी मात्र मास्तरांनी ठेवून घेतली. त्यानंतर त्यांच्या घरी दर रविवारी चिपळूणहून फोन यायचा. तो नेहमी दोनदा वाजून बंद पडायचा, आणि मग मास्तर इकडून लावायचे. पुढे माझं पूर्ण्याचं काम संपलं. निघायच्या दिवशी त्यांनी वहीचं एक पान फाडून, खाली सही करून, मला दाखला म्हणून दिलं. त्यावर लिहिलं आहे : चालक बेलीशिवाय गाडी थांबवतो. आणि त्याखाली, वेगळ्या शाईत : चांगला.

त्यानंतर मी नोकरीसाठी बरेच अर्ज केले. तो दाखला कुठे जोडायची वेळ आली नाही. पण अर्जाच्या फायलीत सगळ्यांत वर मी तोच ठेवतो.